आमच्या माघारी कोण?
तीव्र दिव्यांगत्व असलेल्या तरुणांचा सांभाळ आणि कुटुंबाचा विसावा

(पंचायत सदस्य, शिक्षक आणि ग्रामपातळीवरील अधिकारी यांच्या एका अभ्यासवर्गात जिल्हा माहिती कार्यालयातील अधिकाऱ्याने दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या अभ्यासवर्गात पाणीपुरवठा, घरबांधणी, शाळाखोल्या अशा विषयांचा ऊहापोह झाला. हे विषय गावात डोळ्यांना दिसतात. मी ज्या विषयाकडे आपले लक्ष वेधू इच्छितो, तो सहसा दिसत नाही, कारण तो घराच्या आतल्या खोलीत असतो. ज्यांना स्वतःच्या हाताने जेवता येत नाही, चालता येत नाही, आपली व्यथा शब्दांत सांगता येत नाही, अशी वीस, पंचवीस, तीस वर्षांची मुले आणि मुली आपल्या गावोगावी आहेत. त्यांचा सांभाळ आज बहुतांशी एकटी आई करीत असते. ती थकली तर काय, आजारी पडली तर काय, आणि ती गेल्यावर काय, हे तीन प्रश्न म्हणजे माझा आजचा विषय.

प्रथम शब्दांविषयी थोडे. एके काळी आपण सर्वांनाच ‘अपंग’ म्हणत असू. पुढे कायद्याने आणि व्यवहाराने ‘दिव्यांग’ हा शब्द रूढ केला. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने २१ प्रकारची दिव्यांगत्वे मानली आहेत. १९९५ च्या आधीच्या कायद्यात ती अवघी ७ होती. मी बोलणार आहे ते त्यांतील अशा तरुणांविषयी, ज्यांना बौद्धिक अक्षमता, मेंदूचा पक्षाघात, स्वमग्नता किंवा एकाहून अधिक दिव्यांगत्वे तीव्र स्वरूपात आहेत आणि ज्यांना दिवसाचे चोवीस तास दुसऱ्याचा हात लागतो. कायद्याने ह्या गरजेला ‘उच्च साहाय्याची गरज’ असे म्हटले आहे. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख आणि महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजार दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली. त्यांपैकी देशभरात बौद्धिक अक्षमतेची नोंद १५ लाखांवर, तर बहुविकलांगतेची २१ लाखांवर होती. ह्यांतील सर्वांनाच तीव्र साहाय्य लागते असे नव्हे. परंतु प्रश्न चार-दोन घरांपुरता नाही, एवढे ह्या आकड्यांवरून उमजावे.

अठराव्या वर्षाचा उंबरठा

मूल लहान असताना त्याच्यासाठी काही ना काही व्यवस्था असते. अंगणवाडी असते, शालेय आरोग्य तपासणी असते, विशेष शाळा असते. कायद्याने सहा ते अठरा वर्षे वयाच्या दिव्यांग मुलास मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. परंतु अठरावे वर्ष उलटले की शाळेचे दार बंद होते. सौम्य दिव्यांगत्व असलेल्यांना प्रशिक्षण केंद्रे आणि कार्यशाळा काही प्रमाणात सामावून घेतात. ज्याचे हात चालत नाहीत, ज्याला बसवावे लागते, त्याला कार्यशाळेतही जागा मिळणे कठीण. काल सकाळी दहा वाजता गाडीत बसून शाळेत जाणारा मुलगा आज दिवसभर छताकडे पाहत पडून राहतो. दहा-बारा वर्षांच्या शिक्षणाने त्याला जे थोडेबहुत आले होते, हाताने ताट धरणे, खूण करून पाणी मागणे, तेही काही महिन्यांत विसरावयास लागते.

ह्याच सुमारास दुसरी एक गोष्ट घडते. मुलाचे शरीर वाढते आणि आईचे झिजते. आठ वर्षांच्या मुलाला कडेवर घेऊन न्हाणीघरात नेणारी आई पंचविशीची-तिशीची असते. तोच मुलगा चोवीस वर्षांचा, पन्नास किलो वजनाचा होतो, तेव्हा ती पन्नाशीकडे झुकलेली असते. तिची कंबर गेलेली असते, गुडघे धरलेले असतात. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारणपणे दर दोन तासांनी बदलावी लागते. न बदलल्यास पाठीला, माकडहाडाला जखमा होतात. याचा अर्थ, त्या आईने वर्षानुवर्षे एकही रात्र सलग झोपून काढलेली नसते. मुलगी असेल तर पाळीच्या दिवसांची काळजी आणि तिच्या सुरक्षिततेची धास्ती ह्यांची भर पडते.

सासुरवाशिणीसाठी आपल्या समाजाने माहेरपणाची किती सुंदर सोय करून ठेवली आहे! सणावाराला, दिवाळीला ती चार दिवस माहेरी जाते, पाय पसरून बसते, आयते जेवते आणि ताजीतवानी होऊन परत येते. तीव्र दिव्यांग मुलाच्या आईचे माहेर मात्र तुटते. ती भावाच्या लग्नाला जाऊ शकत नाही, वडिलांच्या अंत्यदर्शनालाही कधीकधी पोहोचत नाही. तिच्या स्वतःच्या शस्त्रक्रियेची तारीख डॉक्टरांनी दिलेली असते आणि ती पुढे पुढे ढकलीत राहते, कारण दवाखान्यात ती पडली तर घरी त्याला भरवणार कोण? कित्येक घरांत त्याच्या पाठची बहीण शाळा सोडते आणि ‘दुसरी आई’ होते. हिच्या शिक्षणाचे नुकसान कोणत्याही योजनेच्या हिशेबात येत नाही.

ऊसतोडणीसाठी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांचा विचार करा. दिवाळीनंतर बिऱ्हाड पाठीवर घेऊन ते कारखान्याच्या फडावर जाते. शाळकरी मुलांची शाळा बुडू नये म्हणून आपण गावीच हंगामी वसतिगृहांची कल्पना राबवली. परंतु ज्या तरुणाला फडावर नेता येत नाही आणि एकटे मागे ठेवता येत नाही, त्याच्यासाठी कोणती हंगामी सोय आहे? अशा वेळी म्हातारी आजी आणि बाहेरून लावलेली कडी, एवढाच उपाय उरतो. क्वचित पायात दोरीही असते. बांधणारे हात क्रूर असतातच असे नाही. बहुतेकदा ते थकलेले आणि निरुपाय झालेले असतात. म्हणूनच मी असे म्हणेन की, सांभाळणाऱ्या माणसाला विश्रांती मिळणे हा त्या तरुणाच्या सुरक्षिततेचाच एक भाग आहे. तो त्या माणसावर केलेला उपकार समजू नये.

विसावा म्हणजे काय?

सांभाळणाऱ्याला ठरावीक काळ मोकळीक मिळावी आणि त्या काळात त्या तरुणाची काळजी दुसऱ्या प्रशिक्षित, विश्वासू हातांनी घ्यावी, ह्या व्यवस्थेला मी ‘विसावा सेवा’ असे म्हणतो. ही सेवा काही तासांची, एका दिवसाची, काही रात्रींची किंवा काही आठवड्यांची असू शकते. ती घरी येऊन देता येते, दिवसाच्या केंद्रात देता येते किंवा निवासी गृहात देता येते.

ही कल्पना केवळ सद्भावनेची नव्हे. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या करारात, गरिबीत राहणाऱ्या दिव्यांगांना व त्यांच्या कुटुंबांना शासनाने द्यावयाच्या साहाय्यात अशा विसाव्याचा स्पष्ट उल्लेख आहे. भारताने २००७ साली ह्या कराराला अनुसमर्थन दिले. आपल्याकडे राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ अन्वये स्थापन झालेल्या न्यासाने २०१५ साली आपल्या योजनांची नव्याने आखणी केली. तीत ‘समर्थ’ ही विसाव्याची आणि ‘घरौंदा’ ही प्रौढांच्या कायम निवासाची, अशा दोन कल्पना मांडल्या गेल्या. कल्पना आहे, कायद्याचा आधार आहे. उणीव आहे ती गावाच्या जवळ प्रत्यक्ष सेवा उभी राहण्याची.

बाहेरच्या एका उदाहरणातून आपल्याला दोन गोष्टी शिकता येतील. इंग्लंडमधील ऑक्सफर्ड येथे १९८२ साली ‘हेलन हाउस’ हे गंभीर आजारी मुलांसाठीचे छोटे गृह सुरू झाले. एका आजारी बालिकेच्या आईवडिलांना थोडा विसावा मिळावा म्हणून एका धर्मभगिनीने त्या मुलीला अधूनमधून आपल्याकडे ठेवून घेतले, त्यातून ही कल्पना जन्मली. पुढे ही मुले वाढली, तरुण झाली आणि लहान मुलांच्या गृहात त्यांची सोय होईना. तेव्हा २००४ साली सोळा ते पस्तीस वयोगटासाठी शेजारीच ‘डग्लस हाउस’ उभे राहिले. पैशांअभावी ते २०१८ साली बंद करावे लागले. पहिला धडा असा की, मोठा उपक्रम एका कुटुंबाच्या साध्या गरजेतून सुरू होतो. दुसरा असा की, लहान मुलांसाठी समाजाचा हात खिशात सहज जातो, तरुणांसाठी तो आखडतो. श्रीमंत देशातही हे घडते. यास्तव तरुणांसाठीची सेवा केवळ देणगीवर विसंबून ठेवता येत नाही. तिला सार्वजनिक निधीचा कणा लागतो.

विसावा सेवा कशी सुरू करावी, हे सविस्तर सांगतो. कारण ह्या कामात घाई केल्यास विश्वास तुटतो. पहिल्या पायरीला, प्रशिक्षण घेतलेली एखादी काळजीवाहक महिला किंवा पुरुष त्याच्याच घरी, आईच्या देखत, आठवड्यातून दोनदा दोन-तीन तास येईल. दुसऱ्या पायरीला आई घराबाहेर जाईल. तिसऱ्या पायरीला तो तरुण दिवसाच्या केंद्रात येईल. त्यानंतर एक रात्र, मग दोन रात्री, मग एक आठवडा. प्रत्येक पायरीला तो रमतो की घाबरतो, हे पाहावयाचे आणि गरज पडल्यास एक पायरी मागे यावयाचे. त्याला बोलता येत नसले तरी त्याची पसंती-नापसंती असतेच. ती ओळखण्याची जबाबदारी आपली.

ह्या सर्व कामाचा पाया म्हणजे एक साधी माहितीवही. तो काय खातो, घास किती मऊ लागतो, भरवताना त्याला किती ताठ बसवावे लागते, हे तीत लिहिलेले असावे. आडवे ठेवून भरवल्यास अन्न श्वासनलिकेत जाऊन जिवावर बेतू शकते. आकडीचे औषध कोणते, किती वाजता, किती मात्रेत. आकडी सहसा किती वेळ टिकते. ती पाच मिनिटांहून अधिक टिकली तर वाट न पाहता दवाखाना गाठावयाचा, हे ठळक अक्षरांत. दुखले तर तो कसे दाखवतो, कशाला भितो, कोणत्या आवाजाने शांत होतो, रात्री दिवा लागतो की नाही. आज हे सारे ज्ञान एकट्या आईच्या डोक्यात असते. ती अचानक गेली तर ते तिच्याबरोबर जाते आणि मग अनोळखी हात त्याला आडवे ठेवूनच भरवू लागतात. ही वही लिहून घेण्यास पैसा लागत नाही. गावातील कोणताही शिक्षक ती दोन संध्याकाळी बसून लिहून देऊ शकतो.

आधी विसावा, मग निवास

आता मी माझ्या मुख्य म्हणण्याकडे वळतो. तीव्र दिव्यांग तरुणाच्या आईबापांना रात्री झोप येऊ न देणारा प्रश्न एकच असतो: आमच्या माघारी ह्याचे कोण? आपला समाज आणि आपली यंत्रणा ह्या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या मृत्यूनंतर शोधावयास निघते. आई जाते, तेरावा होतो, भाऊबंद बसतात आणि मग ‘कुठे तरी संस्थेत टाका’ असा निर्णय होतो. ज्याने चाळीस वर्षे एका स्त्रीखेरीज दुसऱ्याच्या हातचा घास खाल्लेला नाही, त्याला एका आठवड्यात आई, घर, गाव आणि अंथरूण हे सर्व गमवावे लागते. मग तो जेवत नाही, ओरडतो, स्वतःला चावतो. आणि संस्थेच्या नोंदवहीत ‘वर्तन समस्या’ असा शेरा पडतो. वस्तुतः ते त्याचे दुःख असते.

पाणी येण्यापूर्वी वळण बांधावे, असे आपल्याकडे म्हणतात. विसावा सेवा हे ते वळण आहे. आईबाप हयात असताना जो तरुण वर्षातून चार वेळा आठ-आठ दिवस जवळच्या गृहात राहिला, त्याला तेथील माणसे ओळखतात आणि तो त्यांना ओळखतो. आईबापांना त्या गृहाचे गुणदोष डोळ्यांनी पाहता येतात. पुढे कायम निवासाची वेळ आलीच, तर ते परक्या जागी टाकणे ठरत नाही. ओळखीच्या घरी जाणे ठरते. आणि पुष्कळ कुटुंबांच्या बाबतीत, नियमित विसावा मिळाल्यामुळे कायम निवासाची वेळ अनेक वर्षे पुढे जाते. म्हणून अल्पकालीन विसावा आणि कायमचा निवास ह्या दोन वेगळ्या योजना न समजता एकाच वाटेचे दोन टप्पे समजावेत आणि पहिला टप्पा आधी बांधावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

निवासी गृहे: अनुभव आणि इशारा

महाराष्ट्राला ह्या कामाची परंपरा आहे. मुंबईत मानखुर्द येथे चिल्ड्रन्स एड सोसायटीने १९४१ साली बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी निवासी गृह सुरू केले. १९४४ साली मुंबईतच जय वकील शाळेचे काम सुरू झाले. नाशिकला रजनी लिमये यांनी १९७७ साली प्रबोधिनी विद्यामंदिर स्थापन केले. मुले मोठी झाली तसतसे पालकच एकत्र येऊ लागले. डोंबिवलीजवळ खोणी येथे अमेय पालक संघटनेने उभारलेले ‘घरकुल’ हे पालकांच्या पुढाकाराचे ठळक उदाहरण आहे.

अमरावती जिल्ह्यातील अचलपूर तालुक्यात वझ्झर येथे शंकरबाबा पापळकर यांनी अनाथ, बेवारस आणि दिव्यांग मुलांना स्वतःचे नाव देऊन वाढवले. २०२४ साली पद्मश्री देऊन शासनाने त्यांचा गौरव केला. त्यांच्या कामाइतकीच त्यांनी वर्षानुवर्षे लावून धरलेली मागणीही महत्त्वाची आहे. बालगृहातील मुलाचे वय अठरा झाले की त्याला तेथून बाहेर पडावे लागते. धडधाकट मुलगा बाहेर पडून कमवू शकेल. पण ज्याला आई नाही, बाप नाही आणि उठून उभेही राहता येत नाही, त्याने अठराव्या वाढदिवशी जावे कोठे? अशांना त्याच छपराखाली आजन्म राहता यावे यासाठी कायदा करा, अशी ती मागणी आहे. आईबाप असलेल्या तरुणापुढे जो प्रश्न आईच्या मृत्यूनंतर उभा राहतो, तो ह्या मुलांपुढे अठराव्या वर्षीच उभा राहतो, एवढाच फरक.

परंतु निवासी गृह म्हटले की सर्व काही साधले, असेही नाही. १९९४ साली पुणे जिल्ह्यातील शिरूर येथील बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलींच्या शासकीय वसतिगृहातील काही मुलींची गर्भाशये शस्त्रक्रियेने काढून टाकण्यात आली. मासिक पाळीची स्वच्छता राखणे अवघड जाते, हे त्यामागचे कारण सांगितले गेले. त्यावर देशभर टीका झाली. काळजी घेणाऱ्यांच्या सोयीसाठी काळजी घ्यावयाच्या माणसाचे शरीर बदलावे, हा विचार कोठवर जाऊ शकतो, हे त्या घटनेने दाखवून दिले. ही घटना आपण विसरता कामा नये. कारण चार भिंतींच्या आत, न बोलणाऱ्या माणसांबरोबर काय घडते, हे बाहेरच्यांनी पाहिले नाही तर कोणालाच कळत नाही.

यासाठी निवासी गृहाला भेट देणाऱ्या प्रत्येक सदस्याने व अधिकाऱ्याने काही गोष्टी डोळ्यांनी पाहाव्यात. कायद्यानुसार संस्थेची नोंदणी आहे काय आणि तिची मुदत चालू आहे काय? रात्री जागे राहणारे माणूस कोण? महिलांच्या सेवेला महिलाच आहेत काय? न्हाणीघराला दार आहे काय? औषधांच्या नोंदवहीत आजची सही आजचीच आहे काय? प्रत्येकाचे वजन दरमहा लिहिले जाते काय? वजन सतत घटत असेल तर जेवणाच्या ताटाविषयी प्रश्न विचारावा. आग लागली तर चालू न शकणाऱ्यांना बाहेर काढण्याची वाट कोणती? दारे बाहेरून कुलूपबंद असतात काय? आणि सर्वांत महत्त्वाचे, नातेवाइकांना पूर्वसूचनेवाचून केव्हाही येता येते काय? ज्या संस्थेला न सांगता आलेला पाहुणा नको असतो, तिथे पुन्हा जावे.

गृह शक्यतो लहान असावे, आठ-दहा जणांचे, आणि ते माणसांच्या वस्तीत असावे. गावाबाहेर माळावर बांधलेल्या मोठ्या इमारतीपेक्षा बाजारपेठेजवळचे, एस.टी. थांब्यापासून चालत जाता येईल असे साधे घर अधिक चांगले. कारण तेथे आई भेटावयास येऊ शकते, पोळ्याचे बैल दारावरून जातात, शेजारीण डोकावते. २०१६ च्या कायद्याने दिव्यांग व्यक्तीला समाजात राहण्याचा हक्क दिला आहे. अमुकच ठिकाणी राहिले पाहिजे अशी सक्ती तिच्यावर करता येत नाही. निवास हा तिच्यासाठी आहे, तिला नजरेआड करण्यासाठी नाही.

कायद्याचे हात

कुटुंबांना पुष्कळदा ठाऊक नसलेल्या काही तरतुदी थोडक्यात सांगतो. मूल अठरा वर्षांचे झाले की कायद्याच्या दृष्टीने ते सज्ञान होते आणि आईबापांचे नैसर्गिक पालकत्व संपते. बँकेत किंवा जमिनीच्या व्यवहारात अडचण आली की हे प्रथम ध्यानात येते. राष्ट्रीय न्यास अधिनियमानुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या स्तरावर स्थानिक समिती असते. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अक्षमता व बहुविकलांगता असलेल्या सज्ञान व्यक्तीसाठी ही समिती कायदेशीर पालक नेमू शकते. नेमणुकीनंतर सहा महिन्यांत पालकाने त्या व्यक्तीच्या मालमत्तेची यादी समितीला सादर करावयाची असते. भाऊबंदांनी जमीन नावावर करून घ्यावी आणि सांभाळ मात्र कोणीच करू नये, ह्या आपल्या परिचयाच्या प्रकाराला ह्यामुळे आळा बसू शकतो.

ह्याच न्यासाची ‘निरामय’ ही आरोग्य विमा योजना एक लाख रुपयांपर्यंतच्या खर्चासाठी आहे. संजय गांधी निराधार अनुदान योजना आपणा सर्वांच्या परिचयाची आहेच. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र व वैश्विक ओळखपत्र ही ह्या सर्व दारांची किल्ली होय. शासकीय कर्मचाऱ्याच्या, स्वतःची उपजीविका करू न शकणाऱ्या दिव्यांग अपत्यास नियमांच्या अधीन राहून आजन्म कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकते. येथे बसलेल्यांपैकी ज्यांच्या घरी असे अपत्य असेल, त्यांनी सेवेत असतानाच त्याचे नाव कागदोपत्री नोंदवावे. २०१६ च्या कायद्यात उच्च साहाय्याची गरज असलेल्यांसाठी काळजीवाहक भत्त्याचीही तरतूद आहे. तिचा लाभ प्रत्यक्ष घरात पोहोचावा यासाठी मागणी नोंदवणे आणि पाठपुरावा करणे हे आपले काम आहे.

पंचायतीने काय करावे?

महाराष्ट्रात २०२२ साली दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभाग स्थापन झाला, ही समाधानाची गोष्ट. ग्रामपंचायतींनी आपल्या स्वउत्पन्नातील पाच टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करावयाची असते, हे आपण जाणताच. बहुतेक ठिकाणी ही रक्कम वर्षअखेरीस थोडी थोडी वाटून टाकली जाते. ज्याच्या हाती हजार-दोन हजार पडतात, त्याचा तो दिवस बरा जातो. त्याच्या आईची एक रात्रही मोकळी होत नाही. एका गावाची रक्कम लहान असते हे खरे. पण जवळपासच्या आठ-दहा ग्रामपंचायतींनी गट विकास अधिकाऱ्यांच्या मार्गदर्शनाखाली एकत्र विचार केला, तर रिकामी पडलेली एखादी शाळाखोली, दोन प्रशिक्षित महिला आणि ने-आण करणारी एक गाडी, एवढ्यावर दिवसाचे केंद्र सुरू होऊ शकते. बचतगटातील महिलांना हे सन्माननीय काम देता येईल.

हे स्वप्नरंजन नाही. केरळात २००४ पासून ग्रामपंचायती कुटुंबश्रीच्या सहकार्याने बौद्धिक दिव्यांग मुलांसाठी ‘बड्स’ शाळा चालवीत आल्या आहेत आणि अठरा वर्षांवरील व्यक्तींसाठी त्यांनी ‘बड्स’ पुनर्वसन केंद्रे उभी केली आहेत. अंथरुणाला खिळलेल्यांना सांभाळणाऱ्या व्यक्तींना दरमहा साहाय्य देणारी ‘आश्वासकिरणम्’ ही योजनाही त्या राज्यात आहे. ग्रामपंचायतीला हे जमते, एवढे ह्यावरून सिद्ध होते.

ह्या कामाची सुरुवात म्हणून तिघांनी तीन गोष्टी कराव्यात, असे मी सुचवितो. शिक्षकांनी आपल्या गावातील शाळा सुटलेल्या तीव्र दिव्यांग तरुणांच्या घरी जावे आणि माहितीवही लिहून द्यावी. पंचायत सदस्यांनी ग्रामसभेत ह्या घरांची यादी ठेवावी. यादीत तरुणाच्या नावापुढे त्याला सांभाळणाऱ्या व्यक्तीचे नाव आणि वयही लिहावे, म्हणजे साठीच्या पुढची आई कोणत्या घरात एकटी झगडत आहे हे सर्वांना कळेल. अधिकाऱ्यांनी त्या यादीवरून प्रमाणपत्र, पालकत्व, विमा आणि अनुदान यांपैकी काय राहिले आहे ते तपासून, कुटुंबाला हेलपाटे न घालता, एका दिवसाच्या शिबिरात पूर्ण करावे.

मित्रहो, रस्ता झाला की त्याचे उद्घाटन होते आणि कोनशिलेवर नावे लागतात. ज्या आईला वीस वर्षांनंतर प्रथमच चार दिवस माहेरी जाता आले, तिच्या प्रवासाची कोनशिला कोठेही लागणार नाही. पण ती परत येईल, तेव्हा तिचा मुलगा न्हाऊन-जेवून, पाठीला जखम न होता, ओळखीच्या माणसांत बसलेला तिला दिसावा, एवढी व्यवस्था आपल्या तालुक्यात उभी राहिली, तर ‘आमच्या माघारी कोण?’ ह्या प्रश्नाला तिच्या हयातीतच उत्तर मिळेल. ते उत्तर देण्याचे काम आपण अंगावर घ्यावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.